सुंदराबाईंची अकरा मिनिटं

मित्रांनो, बोलणाऱ्या माणसाच्या कॉलरला किंवा पदराला चिमट्याने लावलेला शेंगदाण्याएवढा काळा माईक तुम्ही पाहिला असेल. मी त्यातलाच एक, आता जुना झालेला. माझ्या डोक्यावरची स्पंजची टोपी झिजली आहे, वायर एका जागी चिकटपट्टीने जोडली आहे. कान मात्र शाबूत आहेत. माणसाच्या छातीपाशी बसायचं काम असल्यामुळे मला शब्दांबरोबर आवंढेही ऐकू येतात, आणि त्याचा मला पूर्वी फार गर्व होता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते घाटकोपरचं दुकान आणि तिथून मला उचलणारी तेजल. तेजल विक्रोळीची. आजोबा गिरणीत होते, वडील कुरिअर कंपनीत, आणि ही मुलगी कॉलेज संपताच मोबाईल घेऊन वस्त्या पालथ्या घालायला लागली. तिचं स्वतःचं चॅनल होतं. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांना आपण बोलतं करायचं, असं ती म्हणायची. मी तिच्याबरोबर खूप हिंडलो. मासळीवाल्या, रिक्षावाले, नर्सबाई, सगळ्यांच्या गळ्याशी बसलो. एका काकांच्या दाढीने मला इतक्या गुदगुल्या केल्या की रेकॉर्डिंगभर नुसती खरखर आली. तेजल हसली आणि काकांना पुन्हा बोलायला लावलं. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका दुपारी तिने मला सुंदराबाईंच्या पदराला लावलं. सुंदराबाई वाहुळे मूळच्या जालन्याकडच्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. टेकडीवरच्या वस्तीत त्या आणि त्यांची दहा वर्षांची नात अपूर्वा, अशा दोघीच राहायच्या. अपूर्वाने आधी मलाच विचारलं, "तुला ऐकू येतं का रे?" मग आजी बोलू लागल्या.

"जय भीम. मी सुंदराबाई खंडू वाहुळे. गल्ली नंबर चार, पाण्याच्या टाकीमागं, विक्रोळी. आमच्या संडासाच्या टाकीवरला स्लॅब चिरलाय. दिवाळीत त्या चिरंत माझं एक बोट जात व्हतं, आता दोन जातात. माझी नात रोज शाळेआधी त्याच्यावरून जाती. तो पडायच्या आधी कुणीतरी या."

त्या अकरा मिनिटं बोलल्या. कुठे किती अर्ज दिले, कोण काय म्हणालं, सगळं तारखेनिशी. आवाज एकदाही कापला नाही. एवढं स्वच्छ बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही.

तो व्हिडिओ दीडशे माणसांनी पाहिला. त्यातले निम्मे तेजलचे नातेवाईक होते. तेजल दोन दिवस नीट जेवली नाही. तिला वाटलं, आवाज मोठा हवा. म्हणून तिने महिनाभर खटपट करून मालिकेत काम करणाऱ्या रेवतीताईंना गाठलं. त्या आनंदाने तयार झाल्या. तेजल धावत टेकडीवर गेली.

"आजी, तुमचेच शब्द रेवतीताई बोलणार. लाखो लोक ऐकतील."

"बोलू दे की," सुंदराबाई म्हणाल्या. "काम झालं म्हंजे झालं."

अंधेरीच्या स्टुडिओत रेवतीताईंचा मॅनेजर चैतन्य भेटला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, वस्तीचं नाव, गल्ली, पत्ता घ्यायचा नाही, उगाच वाद नको. दोन, आजीबाईंचा जुना व्हिडिओ काढून टाकायचा, तेच शब्द दोघींच्या तोंडी बरे दिसत नाहीत.

मी तेजलच्या मुठीत होतो. मूठ घट्ट झाली.

"अरे यार, पत्ताच काढला तर लोक येणार कुठे?"

"आधी ऐकू तर दे लोकांना. पत्ता काय, नंतर टाकू ना."

तेजलने तिथेच उभ्या उभ्या व्हिडिओ काढून टाकला. तिच्या मोबाईलवरची मूळ प्रत तर जागा करायला आधीच पुसली गेली होती.

रेवतीताई मनापासून बोलल्या. त्यांच्यावर खोटेपणाचा आळ मी घेणार नाही. 'कुठल्यातरी टेकडीवरची एक आजी' असं त्या म्हणाल्या आणि स्टुडिओत सगळ्यांनी डोळे पुसले. तो व्हिडिओ बावीस लाख लोकांनी पाहिला. मुलुंडला मोर्चा निघाला. बोरिवलीत एका मंडळाने आपल्या भागातल्या संडासाला नव्या फरशा बसवल्या. तेही चांगलंच झालं, त्याचं मला दुःख नाही. गल्ली नंबर चारमध्ये मात्र कुणी आलं नाही. तेजलने रेवतीताईंच्या व्हिडिओखाली पत्ता लिहिला, तोही हजारो शाबासक्यांच्या ढिगात दिसेनासा झाला.

"माणसं कवा येणार गं?" सुंदराबाई फोनवर विचारायच्या.

"येतील आजी, आत्ताशी तर सुरुवात आहे," तेजल सांगायची. तिला सत्काराला जायचं असायचं.

पुढचं मला पटकन सांगू द्या, मित्रांनो. एका सकाळी, शाळेआधी, तो स्लॅब पडला. अपूर्वा त्यावर होती. ती वाचली नाही.

आठव्या दिवशी तिथे नवा स्लॅब बसला. त्याच आठवड्यात तेजल मला घेऊन टेकडीवर गेली. दारात शेजारच्या बायका बसल्या होत्या, त्या बाजूला सरकल्या. तेजलने मला आजींच्या पदराला लावलं.

"आजी, आज तुम्हीच बोला. नाव, पत्ता, सगळं. काहीच कापणार नाही."



"बोलले व्हते की गं," त्या म्हणाल्या.

"तेव्हा कुणी ऐकलं नाही, आजी."

"तू तर ऐकलं व्हतं."

त्यांनी मला स्वतःच्या हाताने काढलं, वायर नीट गुंडाळली आणि तेजलच्या हातात दिलं. त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी तेजलच्या कपाटात आहे. ती मला लावतही नाही आणि टाकूनही देत नाही. माझा गर्व गेला आहे. सगळं नीट ऐकणारा मी, त्या स्टुडिओत मला पत्ता गाळलेला कळत होता. पण माईकला स्वतःचा आवाज नसतो.

तुम्हाला आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती मोबाईल आणि माझ्यासारखे माईक येतील. नामवंतांना बोलवा, त्यांच्या शब्दाला वजन असतं. पण ज्याचं दुखणं आहे त्याला त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसवा आणि त्याचं नाव, त्याची गल्ली जशीच्या तशी राहू द्या. आणि कुणी तुम्हाला पत्ता सांगितला, तर बाकीचे लाखो लोक ऐकायची वाट बघू नका. आधी तुम्ही तिथे जा.