टाचणीने घेतलेलं वळण

पोट दुखायला लागलं तेव्हा मी आधी घाबरले नाही, चिडले. दुकानात सहा कोट टाचून टांगलेले, दोन गिऱ्हाइकं दारात, आणि याला नेमकं आजच दुखायचं होतं! मी तीस वर्षं कपडे शिवते. आजारपणाचे चोचले मला जमत नाहीत. अकराच्या सुमाराला बेंबीच्या उजवीकडे काहीतरी टोचलं, बाराला मी मशीनवर डोकं टेकलं आणि एक वाजता माझ्या धाकट्या जावेने गाडीच बोलावली. ती दुकानात काजं-बटणं बघते आणि माझ्यावर लक्ष ठेवणं हेही आपलंच खातं समजते.

"उठा ताई, हॉस्पिटलात जायचंय."

"अगं, जेवले नाही म्हणून दुखत असेल. दोन घास खाल्ले की थांबेल."

"मी या घरात आल्यापासून तुम्ही कधी वेळेवर जेवलाय? तेव्हा नाही दुखलं ते? आरशात बघा, पांढऱ्याफटक पडलाय."

इमर्जन्सीत एका खाटेवर मला आडवं केलं आणि भोवती पडदा ओढला. पडद्याची दुमड तिरकी शिवलेली होती. कळ येत असतानाही ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती, पण पोट दाबून बघताना तिचा हात जाणत्या माणसाचा वाटला.

"आज काय खाल्लंत?"

"चहा."

"आणि?"

"परत चहा."

रक्त घेतलं, छातीला तारा लावल्या, पोटावर गार मलम फासून सोनोग्राफी केली. दर वेळी ती येऊन सांगायची, हेही चांगलं आहे, तेही चांगलं आहे. सगळंच चांगलं होतं तर माझा जीव का जात होता? मी तसं तोंडावर म्हटलंही. ती बिचारी म्हणाली, "तेच शोधतोय."

जाऊ एकदम म्हणाली, "डॉक्टर, एक सांगू? ह्या तोंडात टाचण्या धरून चहा पितात."

मी तिच्याकडे असं बघितलं की एरवी ती मुकाट्याने दुकानाच्या मागच्या खोलीत गेली असती. पण तिचं म्हणणं खरं होतं. फिटिंगच्या वेळी दोन्ही हात कापडात असतात, म्हणून टाचण्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरायच्या. चहा आला की तो उजव्या कोपऱ्यातून प्यायचा. आमच्या धंद्याबाहेर एवढा मूर्खपणा कोणी करत नसेल.

"तीस वर्षांत एकही गिळली नाही," मी ठणकावून सांगितलं.

"मोजता का?" डॉक्टरने विचारलं.

"मोजायला कशाला हवं? ओठांना कळतं."

ती हसली नाही. तिने एक्स-रे काढायला पाठवलं.

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर माझ्या बरगड्या दिसल्या, कण्याचे मणके दिसले आणि खाली उजवीकडे, अगदी स्पष्ट, एक टाचणी. लांब, डोक्याला मणी असलेली. माझ्याच डबीतली. जावेने 'बघा, मी सांगत होते' म्हटलं नाही, हे तिचे उपकार.

सर्जन आले. मोजकं बोलणारा माणूस. "जठराच्या पुढे गेलीय, तोंडातून नळी घालून काढता येणार नाही. टोक पुढे आहे. आतड्याला भोक पडलं तर पोट उघडावं लागेल. सध्या पोट मऊ आहे. चार तास थांबू, परत फोटो काढू. तोवर खायचं काही नाही."

"त्याची सवय आहे त्यांना," जाऊ म्हणाली. मग तिनेच माझा हात घट्ट धरला.

कापडाला कात्री लावण्याआधी मी तीनदा मापं घेते. एकदा कापलं की कितीही सफाईने शिवा, ते कापड अखंड राहत नाही. हे मला पक्कं माहीत असल्यामुळेच मी हादरले. पोट उघडायचं म्हणजे काय करतात, हे मला नीट डोळ्यांसमोर दिसत होतं. चार तास मी जावेचा हात धरून रडले आणि अधूनमधून पोटाला शिव्या घातल्या.

संध्याकाळी दुसरा फोटो निघाला. डॉक्टरने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि सर्जनना बोलावलं. माझा धीर सुटला. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

टाचणी बरीच पुढे सरकली होती. पण मणी पुढे होता आणि टोक मागे.

"फोटो उलटा लागलाय," मी म्हटलं.

"नाही, टाचणी उलटी झालीय," ती म्हणाली. "टोक टोचलं की आतडं तिथे मागे सरतं, जागा करून देतं. पुन्हा टोचलं, पुन्हा सरतं. असं होता होता टाचणी वळते आणि बोथट बाजू पुढे येते. नेहमीच होतं असं नाही. पण होतं."

"तुम्ही काय औषध दिलंत?"

"काहीच नाही. मी बाहेर चहा पीत होते."

अस्तरात राहिलेली एक टाचणी काढायची तर मला चष्मा लागतो, दिवा लागतो आणि दोन्ही हातांची बोटं लागतात. आणि इथे मिट्ट काळोखात, ना डोळे ना बोटं, कोणीतरी टाचणी अलगद फिरवून टोक मागे केलं होतं, तेही मी वर त्याला शिव्या घालत असताना. हे या पोटाला कोणी शिकवलं? इतकी वर्षं हा कारागीर माझ्याजवळ होता आणि मी त्याला धड जेवायलाही घातलं नव्हतं. मी दोन्ही हात पोटावर ठेवले. अगदी हलके ठेवले, त्याच्या कामात अडथळा नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी टाचणी बाहेर आली. कशी, ते मला विचारू नका. जावेला विचारा, ती सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते. पोट उघडावं लागलं नाही.

काल दुकान उघडलं. टाचण्या आता मनगटाला बांधलेल्या उशीत असतात. एक वाजला तशी मी अर्ध्या शिवणीत मशीन थांबवलं आणि डबा काढला. जाऊ बटण लावता लावता थांबली.

"हे काय नवीन? भूक लागली?"

"मला नाही," मी म्हटलं. "त्याला लागली असेल."