शहरातलं सर्वांत धोकादायक दुकान

मी पालिकेच्या वाहतूक खात्यात आकडे बघते. यंदा सायकलवाल्यांसाठी कठड्याची वेगळी वाट करायची होती, पण फक्त एकाच जागी. जागा संगणकाने सुचवायची होती. आम्ही दोनशे सायकलींना काडेपेटीएवढी डबी लावली. कुणी कचकन ब्रेक दाबला की डबी नोंद करायची. जिथे ब्रेक जास्त तिथे धोका जास्त, असा साधा हिशोब. माझ्या मते यात शोधण्यासारखं काही नव्हतंच. शाळेजवळचा चौक! माझी लेक रोज तिथून येते आणि ती घरी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

महिन्याने निकाल आला. पहिला नंबर आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानाचा. शाळेचा चौक सगळ्यांत शेवटी, ब्रेक जवळजवळ शून्य.

"यंत्राला भावना नसतात," साहेब खूश होऊन म्हणाले. "सोमवारी शिंप्यासमोर काम सुरू."

त्या गल्लीत दिवसाला चार गाड्या येतात, त्यातली एक रस्ता चुकलेली असते. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिंप्याकडे जाऊन ठाण मांडलं. दहा मिनिटांत माझे बाबा आमचीच डबी लावलेल्या सायकलवरून सुसाट आले, कचकन थांबले, खिडकीतल्या पटावरचा घोडा हलवला, शिंप्याला "आता बोल!" म्हणाले आणि पसार झाले. डॉक्टरांनी त्यांना रोज वीस फेऱ्या सांगितल्यात. दर फेरीला बुद्धिबळाची एक चाल.

पुढच्या फेरीला मी त्यांना अडवलं. "बाबा, तुमच्यामुळे पालिका इथे कठडा बांधतेय!"

"बांधू दे की. सायकल टेकवायला बरं पडेल."

मी बाबांच्या नोंदी काढून टाकल्या. त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तरी शाळेचा चौक काही वर सरकेना. शेवटी जेवताना मी लेकीवरच घसरले. "तू त्या चौकात ब्रेक दाबत नाहीस का गं?"

"आई, तिथे सायकल चालवतंय कोण? मी आधीच उतरते. सगळेच उतरतात आणि हातात धरून नेतात."

माझा घास हातातच राहिला. इतके दिवस मी यंत्राला नावं ठेवत होते आणि चुकीचा प्रश्न मीच विचारला होता. डबी वेगही नोंदवायची, पण तो बघितला कुणी? सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी यंत्राला विचारलं, चालवता चालवता सायकली अचानक पायी माणसाच्या वेगाने कुठे जायला लागतात? शाळेचा चौक एकदम पहिला.

"जिथे ब्रेकच नाही, तिथे धोका? काहीतरीच काय!" साहेब म्हणाले. "मी स्वतः बघतो."

शाळा सुटायच्या वेळी ते शिपायाची सायकल घेऊन चौकात आले. मागे मी, मंजुरीचा कागद घेऊन. एक बस गेली. मग दोन ट्रक गेले. साहेबांनी टाय सैल केला. सात मिनिटं एक पाय पेडलवर ठेवून ते तसेच उभे राहिले. मग हळूच उतरले आणि पोट आत घेऊन, सायकल हातात धरून पलीकडे गेले. मागोमाग मीही. तिथे माझी लेक उभी होती, तिचीही सायकल हातातच.

"काका, तुम्हीपण घाबरता?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "हो गं," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे हात केला. "कुठाय तो कागद?"

सायकलच्या सीटवर ठेवूनच त्यांनी सही केली. सही जरा थरथरलेली आहे, पण वाचता येते.