साध्या दोऱ्याचा पतंग

मी पतंग बोलतोय. जे बोलतोय ते अक्षरन् अक्षर खरं आहे, शपथेवर सांगतो. रिओ शहरातल्या आमच्या काजूच्या टेकडीवरून मी एकदा इतका उंच गेलो की एक ढग मला चाटून गेला. गार, ओला, आईच्या हातासारखा.

बरं, ढग नव्हता. खालच्या गल्लीत कुणीतरी काळ्या घेवड्याची आमटी करपवली होती, तिचा धूर होता. पण तेवढं सोडलं तर बाकीचं सगळं खरं. म्हणजे जवळजवळ सगळं. पतंगाने थोडं हवेत बोलायचं नाही, तर कुणी बोलायचं?

माझा जन्म जुलैच्या सुट्टीतला. मला केलं वेवर्तोनने. वय वर्षं पंधरा, पाय लांब, मिशी अजून विचारात. त्याने बांबूच्या कामट्या तासल्या, निळा पातळ कागद डिंकाने चिकटवला आणि मधोमध पिवळं ठिगळ लावलं, कारण निळा कागद कमी पडला. लोकांना तो सूर्य वाटतो. मी कधी कुणाची चूक काढली नाही. शेपटी दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून केलेली. वाऱ्यात ती अशी सळसळे की मला उगाच श्रीमंत वाटे.

दोरा मात्र साधा. टेकडीवरची बाकीची पोरं काच कुटून, सरसात कालवून मांजा करतात. तो विकायला बंदी, वापरायला बंदी, म्हणूनच तो घरोघरी. त्यांच्यात साध्या दोऱ्याचा पतंग म्हणजे वाघांच्या बैठकीला गेलेली शेळी. पण वेवर्तोनच्या आईच्या गळ्यावर एक पांढरट रेघ आहे. तिचं नाव नेउझा. ती मोटारसायकलवरून टेकडीवर सवाऱ्या पोचवते. एकदा उतारावर आडवा आलेला मांजा तिला दिसला नाही. वाचली. तेव्हापासून तिच्या हँडलवर लोखंडी कांब उभी असते, दोरा आला तर आधी कांबेला अडावा म्हणून. आणि तिच्या मुलाने पुन्हा काच कुटली नाही.

त्यामुळे त्याचे पतंग रोज कापले जायचे. टेकडीचा कायदा सरळ आहे: कापलेला पतंग ज्याच्या हाती पडेल त्याचा. मागायला जायचं नाही, परत द्यायला यायचं नाही. मी टिकलो, कारण भांडखोर पोरं जेवायला पळाली की वेवर्तोन मला हळूच वर सोडायचा. बाकी काही नाही, नुसतं उडायचं. तो ढील देई, मी जाई. तो बोटाने किंचित विचारी, ‘आहेस ना?’ मी दोरा ताणून सांगे, ‘आहे.’ आमचं सगळं बोलणं एवढंच. पण एवढ्या बोलण्यावर माणसं आख्खे संसार काढतात म्हणे.

एका दुपारी खालच्या वळणावर फटाके वाजले. आमच्याकडे सण नसताना फटाके वाजले की समजायचं, पोलीस चढतायत. बघता बघता आकाश रिकामं झालं. टेकडीवरचे गुंड पोरांकरवी पतंगाने खुणा करतात, हे पोलिसांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग पतंग वर ठेवला तरी खूण, खाली घेतला तरी खूण. वेवर्तोन घाईघाईने डब्यावर दोरा गुंडाळत होता, तेवढ्यात दोन शिपाई बंदुका रोखून जिन्याने त्याच्या घराच्या स्लॅबवर आले.

“हात वर!”

आता तुम्हीच सांगा, हातात दोरा असलेल्या पोराने हात वर केले की काय होतं? पतंगाला झटका बसतो. मी सणकून गोता खाल्ला.

“बघ, बघ, खूण करतोय!” त्यातला तरुण शिपाई ओरडला. “सोड तो दोरा!”

“सोडतो साहेब... बोटाला गुंडाळलाय...”

“हात हलवू नकोस!”

“मग सोडू कसा, साहेब?”

त्याचे हात कापत होते. ते कापणं दोऱ्यातून वर आलं आणि माझ्या कामट्यांत वाजायला लागलं. तो जितका कापे तितका मी नाचे, आणि मी जितका नाचे तितकी बंदुकीची नळी पुढे येई. त्याचा जीव माझ्या शेपटीला बांधलेला होता. मी वाऱ्याला म्हटलं, बाबा रे, आयुष्यभर तू म्हणशील तिकडे गेलो, आज एक श्वास माझ्यासाठी थांब. आणि वारा थांबला. मी हवेत चित्रासारखा उभा राहिलो.

तेवढ्यात तिसरा माणूस धापा टाकत वर आला. सार्जंट ओझेआस. आधी पोट आलं, मग तो. त्याने शिपायाला म्हटलं, “ती नळी खाली घे. पोरगं आहे.” मग वेवर्तोनच्या बोटाचा दोरा सोडवला आणि त्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला. रक्त आलं नाही.

“साधा?”

“साधाच, साहेब.”

“मग रोज कापत असतील तुला.”

“रोज.”

“आणि तरी मांजा लावत नाहीस?”

“आई मोटारसायकल चालवते, साहेब.”

तरुण शिपाई कुरकुरला, “पण मी वायरलेसवर कळवून बसलोय, खूण करणारा सापडला म्हणून.”

“मग सापडला ना,” मला खाली उतरवत ओझेआस म्हणाला. “हा काय. रंग निळा, उंची दीड हात, शेपूट लांब. ने पकडून.” आणि पोराकडे वळून हळू आवाजात, “उद्या चौकीवर ये. घेऊन जा.”

अशी मला अटक झाली. पोराऐवजी मी. पतंगांच्या सात पिढ्यांत हा मान कुणाला मिळाला नसेल.

पण मान काय चाटायचा? चौकीत मला कपाटावर हेल्मेटांशेजारी ठेवलं. भिंतीतल्या जाळीतून टेकडीचा एक तुकडा दिसे. वारा आला की माझा कागद आपोआप फुगे, कन्नी उचलली जाई, आणि मग आठवे की पलीकडे बोट नाही. दारात पाऊल वाजलं की वाटायचं, आला. कुणी पाकीट हरवल्याची तक्रार घेऊन यायचं, कुणी नवऱ्याची. वेवर्तोन आला नाही. रात्री मी मनातल्या मनात ‘आहे, आहे’ म्हणत पडून राहायचो. विचारणारं कुणी नव्हतं.

चौकीसमोरच मोटारसायकलवाल्यांचा थांबा. एका सकाळी ओझेआस कॉफीचा पेला घेऊन नेउझापाशी गेला.

“बाई, तुमचा पोरगा पतंग न्यायला आला नाही.”

“माझ्या पोराचं नाव तुमच्या तोंडी नको, साहेब.”

“नाव कुठे घेतलं? पोरगा म्हणालो.”

“तेही नको.”

“अहो, मी काय खातो का त्याला?”

“तुम्ही नाही खाणार. पण तुमचा तो बंदूकवाला, त्याला भूक लागते. कागदाचा पतंग पुन्हा होतो, साहेब. पोरगा मला पुन्हा कोण करून देणार?”

ओझेआस पेल्यात चमचा फिरवत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

“मग तुम्ही न्या.”

“आणि वर टेकडीवर कुणी विचारलं तर काय सांगू? पोलिसांनी वाढदिवसाला दिला? पोलिसांची भेट घेणारा पोरगा टेकडीवर काय ठरतो, ठाऊक आहे ना? चुगलखोर. आणि चुगलखोराचं पुढे काय होतं, तेही ठाऊक आहे.” तिने किक मारली आणि गेली.

म्हणजे पोराने खाली यायचं नाही, सार्जंटने वर न्यायचं नाही. उरला एकच रस्ता, टेकडीच्या कायद्यातला. गुल झालेला पतंग कुणाचा होता, हे कुणी विचारत नाही.

रविवारी दुपारी ओझेआस साध्या दोऱ्याचं नवं रीळ घेऊन चौकीच्या गच्चीवर चढला. मला वर काढलं आणि टेकडीवर गच्च्यागच्च्यांतून आरोळ्या उठल्या.

“अरे बघा, चौकीने पतंग काढला!”

“सार्जंट मामा, खूण कुणाला करताय? आम्हाला की चोरांना?”

“हात वर करा, मामा!”

आख्खी टेकडी हसली. ओझेआसही हसला असावा, कारण दोरा गदगदला. त्याची बोटं जाड, सवय मोडलेली. पण थोड्याच वेळात त्या बोटांना त्यांचं लहानपण आठवलं आणि मी सरसर चढलो. वरून मला ती स्लॅब दिसली. वेवर्तोन उकिडवा बसला होता. पिवळं ठिगळ दिसताच तो उठून उभा राहिला.

वारा टेकडीकडे वळला, तसा ओझेआसने रीळ संपेपर्यंत ढील दिली. मग दोरा दातांत धरला आणि तोडला.

मी निघालो. वेवर्तोन गच्चीवरून गच्चीवर धावत, माझ्याकडे बघत. वर बघत धावणाऱ्या पोराला गच्चीची कड दिसत नाही. माझ्या जिवाचं पाणी झालं. पण तो पडला नाही, जिन्याने रस्त्यावर उतरला. अडकलो मी, वळणावरच्या विजेच्या तारेला, शेपटीने. त्याच्यापासून पुरुषभर उंच.

तिथे कुणाच्या बांधकामाचा लोखंडी गज पडला होता. त्याने तो उचलला.

इतके दिवस ज्या बोटांसाठी झुरलो ती आता माझ्याकडे येत होती, आणि तार माझ्या शेपटीखाली गुणगुणत होती. येऊ नकोस, मी म्हणत होतो. ज्याला जन्मभर ‘आहे’ म्हटलं, त्याला मी ‘नाही, नाही’ म्हणून फडफडलो. त्याला वाटलं, वारा.

“टाक! गज टाक!”

ओझेआस चढण चढून पळत येत होता, टोपी नाही, शर्टाची बटणं उघडी. वेवर्तोन गोठला. हातात काहीतरी, आणि समोर पोलीस.

“टाक पोरा, तारेत वीज आहे!”

गज पडला आणि पायऱ्यांवरून खणखणत खाली गेला.

मग ते दोघं माझ्याखाली उभे राहिले, माना वर करून.

“तुम्ही सोडलात ना?” पोरगा म्हणाला.

“छे! सुटला.”

“खोटं. पण बरा उडवता. डावीकडे जास्त ओढता एवढंच.”

“मग शिकव.”

“बघू.”

आता मी इथेच आहे. निळा कागद बराचसा गेला, कामट्या दिसतात, ठिगळ अजून तग धरून आहे. वेवर्तोन शाळेत जाताना खालून जातो आणि मान न उचलता नुसते डोळे वर करतो. सार्जंटची जीप या वळणावर उगाच हळू होते. दोघांच्या वेळा जुळत नाहीत. पोरांनो, माझ्यासाठी कुणी गज उचलू नका. पाऊस येईल, मी आपण होऊन उतरेन, थोडा थोडा.

आणि हो, शपथ घेतली आहे म्हणून सांगतो. ते दोघं माझ्याखाली उभं राहून बोलले, ते मी रचलं. गज पडला इथवर खरं. गज पडताच पोरगा पळाला, पोलीस धावत आला की इथली पोरं पळतात तसा. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. ओझेआस गुडघ्यांवर हात टेकून एकटाच धापा टाकत राहिला. मग मान वर करून माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाला. वाऱ्यात मला ते ऐकू आलं नाही. पण ते माझ्यासाठी नव्हतं हे कळलं, म्हणून मी पोराला परत आणून त्याच्यासमोर उभं केलं.