एका माणसाच्या रुंदीची

शिवणाचं अंगुस्तान त्याच्या करंगळीच्या पहिल्याच पेरावर अडलं. आता ते पुढेही जाईना आणि मागेही येईना. पितळेचं, वर बारीक खळग्यांचं, एका बाजूला झिजून गुळगुळीत झालेलं… आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या आईचं बोट इतकं बारीक होतं हे आपल्याला एकसष्टाव्या वर्षी कळावं, म्हणजे कमालच झाली. एका घरात, एका टेबलाशी, एकाच किटलीतला चहा पीत जन्म काढला, आणि तिच्या बोटाचं माप सांगायला ही पितळी टोपी लागली. त्याने करंगळी नळाखाली धरली, साबण चोळला. अंगुस्तान निघालं. मग त्याने यादीत लिहिलं: ‘अंगुस्तान, पितळी, एक.’ थोडं थांबून ‘लहान’ हा शब्द वाढवला, मग खोडला. गिऱ्हाईक स्वतःच्या बोटाने बघून घेईल.

यादी नेटकी झाली होती. पायमशीन एक. कात्र्या चार, पैकी काळ्या मुठीची फक्त कापडासाठी (हिने त्याने एकदा पाकीट कापलं होतं आणि आई दोन दिवस त्याच्याशी भिंतीमार्फत बोलली होती). रिळांचे डबे तीन. खडू, टाचण्या, सुया. कापडाच्या तुकड्यांची खोकी सात. पुठ्ठ्याचे साचे, एक डबा. चौतीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला होता, आणि घरी तेच काम फुकट केलं होतं. आईने लिहिलेल्या वाणसामानाच्या चिठ्ठ्यासुद्धा तो लाल पेन्सिल फिरवून मगच खिशात घालायचा. ती नुसती बघायची… पुढे पुढे तिने चिठ्ठ्या लिहिणंच सोडलं. तोंडी सांगायची. तोंडी सांगितलेलं तो निम्मं विसरायचा, आणि मग ती एकटीच हसायची.

यादीत शेवटची ओळ राहिली होती. लाकडी चौकट, आणि तिच्यावर ताणलेली अर्धी गोधडी.

फोन वाजला. ताई.

“बंड्या, आज सगळं देऊन टाक. शनिवारी माझी पोरगी येतेय, तिला खोली मोकळी हवी. नाहीतर तू परत विचार करत बसशील.”

“विचार नाही करत. यादी करतोय.”

“तेच ते. चौकट पण देणारेस ना?”

“देतोय.”

“आणि तिच्यावरची?”

त्याने चौकटीकडे पाठ केली. तिकडे ताई क्षणभर गप्प झाली, आणि हे तिच्या बाबतीत फोन बंद पडल्याचंच लक्षण असतं.

“कोणासाठी होती रे ती?”

“मला काय माहीत.”

“घ्या! तू तिथेच तर राहायचास.”

राहायचो, ताई, तो मनात म्हणाला. पण राहणं आणि विचारणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि माझी बदली दुसऱ्यात कधीच झाली नाही. शेवटचे चार महिने ती खिडकीशी बसून टाके घालत होती, आणि मी दारातून ‘जेवलीस का’ एवढंच… ‘कोणाला करतेस’ हे दोन शब्द. जिभेवर यायचे, आणि आपण तिथेच त्यांच्यावर काट मारायचो. कारण उत्तर दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर वाईट वाटलं असतं. आणि आपलंच असतं तर त्याहून वाईट.

त्यालाही कारण होतं. पस्तीस वर्षांत आईने अकरा गोधड्या केल्या. पहिली ताईच्या लग्नात, मग जावयाला, नातवंडांना, शेजारणीला, डॉक्टरांना. घड्याळ दुरुस्त करणारा एक कोरडा माणूससुद्धा एक घेऊन गेला. त्याला एकही नाही. सव्विसाव्या वर्षी, नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, ‘तुला कुठला रंग घालू?’ असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, “मी नाही बुवा चिंध्यांखाली झोपणार.” विनोद केला होता. निदान करताना तरी तो विनोद वाटला होता. आईने मान हलवली, आणि तो शब्द इतका प्रामाणिकपणे पाळला, की इतर कोणी आपला एवढा मान ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

अकरा वाजता गिऱ्हाईक आलं, बसवाला. फोनवर त्याने हीच ओळख दिली होती: “मी बसवाला. रिटायर्ड.” दार भरून टाकणारा माणूस, हात म्हणजे दोन उशा. मशीनसमोर बसण्याआधी त्याने स्टूल मागेपुढे सरकवून पाहिलं, पायपट्टीवर पाय टेकवला, खिडकीतून डावीकडे-उजवीकडे नजर टाकली. फक्त आरसा नीट करायचा राहिला.

“कोणासाठी नेताय?” त्याने विचारलं. हा प्रश्न परक्या माणसाला किती सहज विचारता येतो.

“माझ्यासाठीच की, साहेब. तीस वर्षं चाक धरलं. आता हात रिकामे राहिले की थरथरतात. हे बघा.” त्याने हात पुढे केला, खरोखरच थरथरत होता. “सुई धरली की थांबतात. डॉक्टर म्हणाले, कारण माहीत नाही, पण धरा. क्लास लावलाय. अकरा बायका आणि मी.”

“काही बोलत नाहीत त्या?”

“पहिल्या दिवशी बोलल्या. आता विचारतात, भाऊ, तुमचा टाका एवढा बारीक कसा हो? म्हटलं, गर्दीतनं गाडी काढलीय, बाई.”

त्याला बसवाल्याचा राग यायला हवा होता. सकाळपासून त्याने तशी तयारीही केली होती: आईच्या वस्तू हाताळणारा कोणीतरी आगाऊ माणूस येईल, भाव पाडेल, आपण अपमान सोसू आणि संध्याकाळी सात्त्विक दुःख करू. पण हा माणूस काळ्या मुठीची कात्री दोन्ही हातांनी उचलत होता, आणि “ही कागदाला नाही ना लावली कधी?” असं दटावून विचारत होता. “एकदा,” तो म्हणाला. “कोणी?” “मी.” बसवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो भिंतीकडे बघू लागला.

मग साच्यांचा डबा उघडला. पुठ्ठ्याचे चौकोन, हाताएवढे, चाळीसेक असतील. साचा कडेने झिजला की आई त्याच्यावरून नवा पुठ्ठा आखायची, कापायची; जुना टाकायची नाही, तो डब्यातच राहायचा, नवा त्याच्यावर. बसवाल्याने गठ्ठा बाहेर काढला, टेबलावर ठोकून सारखा करू लागला. तो सारखा होईना. पुन्हा ठोकला.

“साहेब, हे सारखे नाहीत.”

“कसं शक्य आहे? एकावरून एक काढलेत.”

“तेच तर.” बसवाल्याने सगळ्यात तळचा आणि सगळ्यात वरचा साचा काढून एकावर एक ठेवला. वरचा चहूकडून बोटभर बाहेर आला. “पेन्सिल साच्याच्या बाहेरून फिरते ना. तुम्ही रेघेच्या बाहेरून कापलंत की रेघेएवढा मोठा. त्याच्यावरून पुढचा, तो आणखी रेघेएवढा. आमच्या क्लासात पहिल्या दिवशी हेच सांगतात, की पहिला साचा जपा, नकलेवरून नक्कल करू नका.”

नकलेवरून नक्कल करू नका! हे वाक्य त्याने छापखान्यात चौतीस वर्षं पोरांना ऐकवलं होतं. आणि इथे, पलीकडच्या खोलीत, त्याच्या नाकाखाली, चूक दर वर्षी केसाएवढी वाढत होती, एकेका गोधडीला फुगवत होती, आणि घरातला चुका काढणारा सरकारमान्य माणूस चिठ्ठ्यांमधले ऱ्हस्व-दीर्घ बघत बसला होता. त्याला हसू आलं. मग एकदम आठवलं — आणि त्याने फोन उचलला.

“ताई, तुझी गोधडी सगळ्यांत लहान आहे ना?”

“आता हे काय मध्येच? आहेच लहान. पाय बाहेर राहतात. घड्याळवाल्याला मात्र तंबू शिवून दिला. मी पस्तीस वर्षं सांगतेय, आईचा माझ्यावर जीव—”

“पेन्सिल होती गं.”

“काय?”

त्याने सांगितलं. रेघ, पुठ्ठा, नक्कल, सगळं. दोनदा सांगावं लागलं. मग ताईचा आवाज आला, जरा ओला, पण मूळचा ठसका शाबूत असलेला: “म्हणजे मी उगीच रुसले होते?”

“पस्तीस वर्षं.”

“आणि तू प्रूफ तपासणारा! तुला दिसलं नाही?”

“नाही दिसलं.”

“फोन ठेव आता,” ती म्हणाली, “मला रडायचंय,” आणि हसायला लागली.

बसवाला तेवढ्या वेळात चौकटीपाशी गेला होता. वाकून, हात मागे बांधून बघत होता. जणू वस्तुसंग्रहालयातली ‘हात लावू नये’ अशी पाटी तिथे लावलेली असावी.

“पण ही बरोबर आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“ही मोठ्या साच्याने नाही केलेली.” त्याने तळचा साचा आणून गोधडीतल्या एका चौकोनावर ठेवला. काठाला काठ लागला. साचा उलटला, तर मागे पेन्सिलीने, आईच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘हाच खरा.’

तिला कळलं होतं. कधीतरी, एकटीलाच. आणि तिने घरातल्या तज्ज्ञाला सांगितलं नव्हतं. डबा उपसून, तळाशी जाऊन, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली होती… चौऱ्याऐंशीव्या वर्षी. त्याने ते दोन शब्द पुन्हा वाचले.

बसवाला अस्तरावरच्या खडूच्या खुणा मोजत होता. “आडवे नऊ, उभे चौदा. वरच्या आठ ओळी झाल्यात. एका माणसाची आहे, साहेब. दोघांची नाही. तुमच्यात एकटं कोण?”

“मी.” मग तो घाईघाईने म्हणाला, “आणि ती. तीही एकटीच होती.”

“केवढ्या होत्या बाई?”

त्याने आपल्या खांद्याच्या बऱ्याच खाली हात धरला.

“मग त्यांना एवढी लांब लागली नसती.” बसवाल्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत मापलं. पण बसवाला प्रामाणिक माणूस. त्याने मान तिरपी केली. “तसं काही सांगता येत नाही म्हणा. म्हातारी माणसं पायाशी दुमडून घेतात. माझी आई घ्यायची. थंडी पायांतूनच चढते म्हणायची.”

झालं. म्हणजे परत तिथेच… लांबी माझी, रुंदी दोघांपैकी कोणाचीही, आणि साक्षीदार दुमडून पायाशी ठेवलेला. पण गंमत अशी, की सकाळी याच प्रश्नाला घाबरून मी यादीची शेवटची ओळ लिहीत नव्हतो, आणि आता एक परका माणूस त्याच प्रश्नाच्या एका टोकाला धरून उभा होता, आणि दुसरं टोक धरायला मी आपोआप पुढे झालो होतो.

“मशीन उद्या टेंपो घेऊन नेतो,” बसवाला म्हणाला. “खोकी आत्ता नेतो. म्हणजे सहा. हे सातवं नाही, यात या गोधडीचेच कापलेले चौकोन आहेत. आणि चौकट नाही नेणार.”

“का? ठरलं होतं आपलं.”

“सुई टोचलेली आहे तिच्यात. चालू गाडीतनं ड्रायव्हर उतरला म्हणून गाडी विकतात होय? आधी संपवा. मग चौकट माझी.”

“मला टाका घालता येत नाही.”

“मला तरी कुठे येत होता? बसा.”

तो बसला. खिडकीशी, आईच्या जागेवर, गुडघे चौकटीला आपटत. बसवाल्याचा हात सुई धरताक्षणी खरोखरच थांबला, एखादं इंजिन बंद व्हावं तसा. त्याने तीन टाके घातले, अगदी मोहरीएवढे, आणि सुई त्याच्या हातात दिली. त्याचा पहिला टाका वाकडा गेला, दुसरा लांब. तिसऱ्याला सुई बोटात शिरली.

“शाब्बास,” बसवाला म्हणाला. “गुरुवारी येतो बघायला. तोवर एक ओळ. आणि साहेब, चहा नाही पाजलात.”

चहा झाला. चौकट दोघांनी उचलून त्याच्या खोलीत नेली; पलंगाशेजारी ती कशीबशी बसली, आणि आता पलंगावर जायला त्याला पायथ्याकडून चढावं लागणार होतं. भाचीची खोली मोकळी झाली. बसवाला सहा खोकी रिक्षात घालून, रिक्षावाल्याला वळण कसं घ्यायचं ते शिकवत निघून गेला.

दुपार कलली होती. सातवं खोकं त्याने पलंगावर पालथं केलं. चौकोनच चौकोन, सगळे एका मापाचे, आणि कुठला कशाशेजारी हे सांगणारी एक चिठ्ठी नाही, खूण नाही. ताईच्या जुन्या फ्रॉकचा करडा. बाबांच्या कोटाच्या आतला निळा. हा विटकरी कुठला? पडद्याचा? नाही, पडदे हिरवे होते… माझा शर्ट. छापखान्यातल्या पहिल्या पगाराचा, कोपरात फाटलेला. की शेजारणीकडचा? तिच्याकडेही असाच काहीतरी होता. कोणासाठी हा प्रश्न खोलीत होताच. पण आता तो आगंतुक पाहुण्यासारखा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होता, आणि त्याच्याकडे जरा उशिरा बघितलं तरी चालेल असं वाटत होतं. आधी हे ठरायला हवं होतं. करड्याशेजारी निळा ठेवला, तर जमला. निळा काढून विटकरी ठेवला, तर तोही जमला, वेगळ्याच तऱ्हेने. असं कसं? दोन्ही कसे बरोबर असतील? तो मागे सरकला, डोळे बारीक करून बघू लागला, पुन्हा निळा, पुन्हा विटकरी… गुरुवारला अजून तीन दिवस होते. वाट बघायला तीन दिवस म्हणजे फारच झाले, असं त्याला वाटलं — आणि हातातला चौकोन तसाच धरून तो उजेडाकडे सरकला.