टायराला काढण्याच्या ठरावाला हरकत

स्टॉकहोममधली आमची कंपनी तंत्रज्ञानाच्या नव्या उद्योगांत पैसा गुंतवते. बैठकीत गप्प बसणाऱ्याचा होकार धरतात. एकाने जरी हरकत घेतली तरी ठराव थांबतो. नऊ वर्षं मी गप्पच बसलो होतो. त्या दिवशीचा ठराव टायराला तिनेच उभारलेल्या, आमचा पैसा असलेल्या श्रवणयंत्रांच्या कंपनीतून काढण्याचा होता, कारण यंत्रं बाजारात यायला उशीर होत होता.

“कुणाची हरकत?” फाइल मिटत आमचा अध्यक्ष हाम्पुसने विचारलं.

“माझी.” माझा आवाज चिरकला.

“अरे, एस्बियर्न बोलला! कॉफी जास्त झाली का रे?”

सगळे हसले. माझंच चुकत असेल, असं नेहमीसारखं वाटलं.

“झाली असेल. पण फाइलमधलं चाळिसावं पान उघड. यंत्र लहान मुलांच्या कानात तापतं, म्हणून टायरा थांबलीय. माझा नकार आहे.”

कुणीच पान उघडेना. मग मीच ते मोठ्याने वाचायला लागलो.