उपकेंद्रातला हिरवा पडदा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. घाटनांदूरजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात माझा मुक्काम असतो. मकसूद मिस्त्रींनी लोखंडी नळ्या जोडून माझा सांगाडा केला आणि त्यांच्या घरच्या चाँदबींनी कापड शिवलं. तीन घड्या, खाली चाकं. त्यातलं एक चाक पहिल्या दिवसापासून कुरकुरतं, पण माझ्या रुबाबात त्यानं काही फरक पडला नाही.

काय दिवस होते ते! दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची तपासणी व्हायची. विमलबाई सिस्टर आधी मला ओढून आणायच्या, मग बायकांना हाक मारायच्या. माझ्या आड वजन, रक्तदाब तर व्हायचाच. शिवाय त्या प्रत्येकीची पाठ, कंबर, तळपायसुद्धा निरखून पाहायच्या. "कातडी बी बघाया पायजे गं," असं म्हणायच्या. बायका आधी लाजायच्या, मग मोकळ्या हसायच्या. ते हसू आठवलं की अजून भरून येतं.

पुढे नवी इमारत झाली आणि मला मागच्या व्हरांड्यात टाकलं. माझ्यावर ओली फडकी वाळू लागली. त्या वर्षीची तपासणी उघड्या हॉलमध्ये झाली. ऊसतोड करणाऱ्या भिवराबाईचा नंबर आला, तेव्हा तिच्या मागे मुकादम, दीर, अख्खी टोळी उभी होती.

"अंगावर जखम-बिखम हाय का?" सिस्टरनी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली आणि पदर कमरेवर ओढून निघून गेली. मी खिडकीतून नुसता बघत राहिलो.

पुढच्या दसऱ्याला विमलबाईंनी हट्टानं मला आत आणलं. माझ्या आड भिवराबाईनं परकराची नाडी सैल केली. नाडीच्या वळावर एक ओली जखम होती, कडा टणक झालेली.

"नाडी काचती बाई. समद्या बायांला हाय."

खरंच, तसा काळा वळ इथल्या जवळजवळ प्रत्येकीच्या कमरेला असतो. म्हणून तर कुणी मनावर घेत नाही.

"वळ समद्यांला हाय. ही जखम कवाधरनं हाय?"

"झाली की दोन वर्सं."

"मग उद्या अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात जायचं."

उद्याच टोळीचा ट्रक निघणार होता. टोळीत मजूर म्हणून नवरा-बायकोची जोडीच घेतात, दोघं मिळून 'एक कोयता' मोजतात. ती गेली नाही तर तिच्या नवऱ्याला, पंडितलाही कुणी नेणार नव्हतं. सिस्टरनी त्याला माझ्या आड बोलावलं. जखम पाहून तो तिच्याकडे वळला.

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी कवा इचारलं?"

पंडितनं ट्रकमध्ये चढवलेलं बिऱ्हाड खाली उतरवलं.

कातडीचा कॅन्सर निघाला. तळहाताएवढी कातडी काढावी लागली, पण तो पसरला नव्हता. भिवराबाई वाचली. आदल्या वर्षी दिसलं असतं तर नखाएवढ्यावर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं सिस्टर सांगत होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या तपासणीच्या दिवशी मी मागे फडकी वाळवत उभा होतो!

मित्रांनो, माझ्या चाकाला तेल घाला, हे मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. आज घरी गेल्यावर आईला विचारा, अंगावर कुठे न भरणारी जखम आहे का, एखादा डाग वाढतोय का. ती हसण्यावारी नेईल. तुम्ही पुन्हा विचारा.