एरॉलचं नाक आणि ताटलीतला कांदा

आमच्या एरॉलचं नाक गेलं त्याला येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. म्हणजे नाक आहे तसंच आहे, लांब आणि जरा डावीकडे कललेलं. गेला तो वास. आमच्या दक्षिण गोलार्धात जून म्हणजे हिवाळा; तेव्हा एक ताप आला, आठवड्यानं उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून वाटेतच आहे.

दुसऱ्या कुणाचा गेला असता तर फारसं बिघडलं नसतं. पण एरॉल आमच्या खोऱ्यातल्या बिअर मंडळाचं ‘नाक’ आहे. टॅमसिन दरवर्षी एप्रिलमध्ये, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांची तोडणी आटोपली की, आपल्या बिअरच्या भट्टीच्या वर्धापनदिनाची एक कडक बिअर काढते. त्याआधी वर्षभर ती व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपांत मुरते. मोजक्या बाटल्या निघतात आणि होबार्ट शहरातून माणसं येऊन रांग लावतात. सगळी पिंपं एका टाकीत ओतायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, टॅमसिन आम्हा आठ-दहा जणांना प्रत्येक पिंपातली चाखायला बोलावते. नियम एकच: एरॉल बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. तो जे बोलतो त्यातलं एक वाक्य त्या वर्षीच्या लेबलवर छापतात.

एरॉलनं जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. शाळा नववीत सुटली. छापून आलेलं त्याचं म्हणाल तर ती चौदा लेबलं. आमच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत लावली आहेत, लग्नाच्या फोटोच्या वर. त्यामुळे वास गेल्याचं आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही.

युक्ती माझी. गाडी मी चालवते, म्हणून मला ग्लास मिळत नाही. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे गाडी चालवणाऱ्याला उकडलेलं अंडं उभं ठेवायच्या इवल्याशा कपात बोटभर बिअर देतात, तीही सगळ्यांच्या आधी, म्हणजे नंतर ‘घे गं थोडी’ असा आग्रह व्हायला नको. आणि खाण्याच्या ताटल्या मीच भरते. तेव्हा मी आधी चाखायची आणि एरॉलच्या ताटलीत खूण ठेवायची. फळासारखी लागली तर जर्दाळू किंवा अंजीर. करपवलेल्या माल्टची, म्हणजे भाजलेल्या जवाची, चव असेल तर चॉकलेट. लाकूड जाणवलं तर अक्रोड. मऊ असेल तर चीज. मला चव कळते, पण शब्द सुचत नाहीत; एरॉलकडे शब्दच उरले होते. गेल्या वर्षी असंच निभावलं. लेबल छान झालं.

व्हिनेगरमधल्या कांद्याचीही खूण ठरली होती: आंबली, बिघडली. ती वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. कांदे मी बरणीभर नेते, ते आमच्या डूगलसाठी.

डूगल म्हणजे शाळेतला निवृत्त रसायनाचा मास्तर. एरॉलच्या शेजारी बसतो, वहीत टिपणं काढतो, आणि अकरा वर्षं एरॉलचं बोलून झालं की म्हणतो, “मी तेच म्हणणार होतो.” त्याचा डोळा एरॉलच्या खुर्चीवर आहे आणि हात एरॉलच्या ताटलीवर.

या वर्षी तीन पिंपं होती. आम्ही हॉप्स वाळवायच्या जुन्या इमारतीत लांब टेबलाभोवती बसलो. टॅमसिन पेन्सिल घेऊन एरॉलच्या समोर.

“काय रे एरॉल, नाकाचं ऑइल बदललंस का?” डूगलनं विचारलं.

“बदललं. तुझ्या जिभेचं बदलायचं राहिलंय.”

पहिलं पिंप जर्दाळू आणि अक्रोड. एरॉलनं ग्लास फिरवला, डोळे मिटले, आणि कुणाच्या तरी माळ्यावर विसरलेल्या जर्दाळूच्या पेटीबद्दल असं काही बोलला की मलाच ती पेटी दिसली. “मी तेच म्हणणार होतो,” डूगल म्हणाला. दुसरं चॉकलेट आणि चीज. त्यातलं चॉकलेट डूगलनं उचललं, पण एरॉलनं ते आधीच पाहून ठेवलं होतं.

तिसऱ्या पिंपाची बोटभर मी तोंडात घेतली आणि जिभेच्या कडा आखडल्या. पुन्हा टेकवली. शंकाच नाही, कांद्याच्या बरणीला आतून जी चव असते ती. टॅमसिनकडे पाहिलं. तिनं ही फेब्रुवारीत चाखलेली, आणि रिवाज असा की मंडळाच्या दिवशी ती आमच्या आधी ओठाला लावत नाही. बिचारी पेन्सिलीला टोक काढत बसली होती. उद्या सकाळी सातला हे पिंप बाकी दोघांत जाणार आणि वर्षभराची मेहनत सॅलडवर शिंपडायच्या लायकीची होणार.

मी एरॉलच्या ताटलीत कांदा ठेवला. दुसरं काही नाही, फक्त कांदा.

मी वळते न वळते तोच डूगलनं तो तोंडात टाकला.

मी दुसरा ठेवला. तोही गेला.

“ग्लेनिस, आज माझे फारच लाड चाललेत,” डूगल कचाकचा चावत म्हणाला.

“तुझे नाहीत, माझ्या नवऱ्याचे चाललेत.” मी बरणीतला शेवटचा कांदा काढला, एरॉलच्या अगदी बोटांपाशी ठेवला. पण एरॉल नेमका तेव्हा नायरीशी बोलत होता. नायरी आमची निवृत्त नर्स. तिच्या गुडघ्याबद्दल विचारलं की पाच मिनिटं जातात. तो ताटलीकडे वळला तेव्हा ताटली स्वच्छ होती आणि डूगल बोटं चाटत होता.

सगळे ग्लास घेऊन गप्प बसले. एरॉलनं माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उडवल्या, नाक मुरडलं, घसा खाकरला. नायरी म्हणाली, “पाणी हवंय का गं?”

एरॉलनं डोळे मिटले. काहीच खूण नाही म्हणजे काही वावगं नाही, असं त्यानं धरलं असणार. “तिसरं पिंप,” तो म्हणाला, “तिसरं पिंप म्हणजे या बिअरचा कणा. मेंढ्या उतरून गेल्यावर डोंगरावर जो शांतपणा असतो...”

टॅमसिनची पेन्सिल कागदावर सरसर चालली होती. डोळ्यांदेखत कुणाचं तरी नुकसान लिहून घेतलं जात असताना तुम्ही कितीसं गप्प बसाल? गाडी चालवणाऱ्याला मंडळात मत नसतं, ठाऊक आहे मला.

“कांदा!” मी ओरडले.

पेन्सिल थांबली. दहा तोंडं माझ्याकडे.

“तुझा कांदा, एरॉल. डूगलनं खाल्ला. तीन ठेवले होते, तिन्ही खाल्ले. तुझ्या ताटलीत नुसता कांदा होता.”

अडतीस वर्षांच्या संसारात त्यानं माझं इतकं लक्षपूर्वक कधी ऐकलं नव्हतं. त्यानं ग्लास खाली ठेवला.

“टॅमसिन, खोड ते,” तो म्हणाला. “या पिंपात व्हिनेगर झालंय.”

सगळ्यांनी पुन्हा घोट घेतला. कुणाला मान वर करवेना.

“आंबट तर मलाही लागलं,” डूगल म्हणाला. “मला वाटलं, कांद्यामुळे.”

“मला वाटलं मुद्दाम केलंय,” नायरीनं वही पालथी घातली. “हल्ली काढतात ना आंबट बिअरी! मी ‘धाडसी’ लिहून बसलेय.”

टॅमसिन धावत पिंपाकडे गेली. परत आली ती हातात लाकडी बूच घेऊन. सैल बसलं होतं. आत हवा जात राहिली. ती उलट्या क्रेटवर बसली आणि एवढंच म्हणाली, “उद्या सातला मी तिन्ही एकत्र करणार होते.” मग उठली आणि एरॉलच्या कललेल्या नाकाचा तिनं मुका घेतला. “या नाकाचा विमा काढायला हवा.”

एरॉलचे कान लाल झाले. इथंच थांबलं असतं तर चाललं असतं. मी त्याच्याकडे बघून डोळे वटारलेही. पण डूगल मास्तर आहे, आणि मास्तर बोटं मोजत होता.

“थांबा,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी मी तुझ्या ताटलीतलं अंजीर खाल्लं आणि तू अंजीर म्हणालास. मघाशी मी चॉकलेट खाल्लं...”

“मला वास येत नाही,” एरॉल म्हणाला. “दोन वर्षं होत आली. चवही गेली त्याबरोबर. गेल्या वर्षीचं आणि आजचं जे काही आहे ते ग्लेनिसच्या जिभेचं. मी फक्त सजावट केली.”

मला त्याचा हात धरायचा होता, पण मधे डूगल.

“म्हणजे,” डूगल सावकाश म्हणाला, “दोन वर्षं मी ग्लेनिसच्या मागून ‘तेच म्हणणार होतो’ म्हणत होतो?”

“हो,” नायरी म्हणाली, “आणि तिच्या वाट्याला बोटभरच होती.”

हसायला आधी कोण लागलं ते आठवत नाही. एरॉल नव्हता एवढं नक्की. तो उठला, खुर्ची मागे सारली आणि जॅकेट शोधू लागला. खुर्ची रिकामी होताच डूगल अगदी सहज, हवा बदलायला निघाल्यासारखा तिच्यावर सरकला.

“बूड उचल, डूगल,” टॅमसिन म्हणाली. “तिथं ग्लेनिस बसेल.”

“मला बोलता येत नाही तसलं,” मी म्हणाले.

“मघाशी एक शब्द बोललीस. माझी बिअर वाचली.”

“आणि गाडी कोण चालवणार?”

एरॉलनं जॅकेट पुन्हा खुंटीला लावलं. “पुढच्या खेपेपासून मी,” तो म्हणाला. “तो अंड्याचा कप आता मला द्या. मला त्यानं काही फरक पडत नाही.” मग तो टेबलाच्या पार टोकाला, गाडी चालवणाऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसला आणि डूगलला म्हणाला, “इथं माझ्या ताटलीपर्यंत तुझा हात पोचत नाही. आधीच यायला हवं होतं.”

दोन पिंपांची बिअर महिन्यानं बाटल्यांत भरली. वाक्य मीच दिलं, आणि टॅमसिननं एक काना न बदलता छापलं: ‘हिला घाई करू नका. आणि शेजाऱ्याच्या ताटलीतलं खाऊ नका.’ डूगल म्हणाला की तो तेच म्हणणार होता. तिसऱ्या पिंपातलं व्हिनेगर टॅमसिननं मला दिलं. सध्या त्यात कांदे मुरताहेत, आणि डूगल दर आठवड्याला फोन करून त्यांची चौकशी करतो.

पहिली बाटली उघडली त्या रविवारी मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा अख्खा ग्लास मिळाला. एरॉलनं अंड्याचा कप नाकाशी धरला, वाट पाहिली, ठेवून दिला. परतताना गाडी तो चालवत होता, नदीकाठच्या रस्त्यानं, नेहमीपेक्षा बराच हळू.

“कशी होती?” त्यानं विचारलं.

“चांगली होती.”

“ग्लेनिस.”

“बरं बाबा. तुझ्या आईच्या कपाटात तो लाकडी डबा होता ना, बटणांचा? त्यात कुणीतरी मनुका ठेवून विसरून गेलं तर.”

पुढच्या वळणाशी त्यानं गाडीचा वेग आणखी कमी केला.

“डबा उघडल्या उघडल्या,” त्यानं विचारलं, “की झाकण बाजूला ठेवल्यावर?”

“झाकण बाजूला ठेवल्यावर.”

“मग?”

मग मी सांगत राहिले. घर आलं, त्यानं इंजिन बंद केलं, पण दार काही उघडलं नाही.